बाजेखालचा शेक

अंबरनाथला थंडी पडते, असं आमच्याकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. नाशिकवाले तिला सकाळ म्हणतात. पण आमच्या मोरिवलीत पारा जरा खाली आला, की माणसं हिमालयात अडकल्यासारखी वागायला लागतात. कानटोप्या निघतात. गल्लीच्या तोंडाशी टायर पेटतो आणि त्या काळ्या धुराभोवती तळहात शेकत पुरुष उभे राहतात, कंपन्यांच्या धुराला शिव्या देत.

याच थंडीत मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. आणि मग माझ्या माहेरच्या माणसांनी मला आणि तिला जाळायला घेतलं.

प्रेमाने. हे सांगायलाच हवं. अगदी प्रेमाने.

*

"वारा लागंल"

हे माझी आई म्हणते, ठमाबाई. वाऱ्याइतकी ती कुणालाच घाबरत नाही.

मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझ्या खोलीच्या दोन्ही सरकत्या खिडक्या खाकी चिकटपट्टीने बंद केलेल्या होत्या. चारही कडांनी, पार्सल बांधतात तशा. दाराखालच्या फटीत गोधडीची गुंडाळी. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकात उशी. उशीला अभ्रा होता, कशिदा काढलेला.

"आये, श्वास कुठून घ्यायचा?"

"नाकातून," आई म्हणाली.

*

"हाइट्स"

माझे वडील, हरिचंद्र. भाताचं शेत होतं तिथे त्यांनी इमारत उभी केली आणि आईचं नाव दिलं: ठमाई हाइट्स. हाइट चार मजले. आम्ही तिसऱ्यावर राहतो.

इमारत कशी बांधली हे बाबा जेवताना सांगतात, दुसऱ्या बापांनी लढाया सांगाव्यात तसं. माझ्या लग्नाआधी दारांची गोष्ट तर रोजची होती. दारवाला उल्हासनगरचा. बाबा त्याला म्हणाले होते, "कडेला लाकूड घाल, कडीजवल लाकूड घाल. मधी काय पन भर. मधी कोन बगतंय?" एवढं सांगून ते माशाचा काटा काढायचे आणि आमच्याकडे बघायचे, आम्ही हसतोय का ते.

आम्ही हसायचो. दारं तेव्हापासूनच नीट बंद होत नव्हती. चौकटी फुगल्या होत्या. बाहेरून कडी घातली नाही, तर ठमाई हाइट्समधलं एकही दार आपणहून मिटलेलं राहत नाही.

*

"काथ्यावर झोपंल माझी पोर?"

आता बाज.

बाळंतिणीचा शेक असा असतो: काथ्याने विणलेली बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, बाजेवर बाळंतीण. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली टाकतात. विणीच्या भोकांतून ऊब वर येते. जुन्या घराच्या कुडाला इतक्या फटी होत्या, की धूर आपला आपण निघून जायचा. बरं की वाईट ते सोडा. निदान त्या व्यवस्थेत उष्णता कुठून कुठे जाते ते कळत होतं.

आईने जुन्या घरातली बाज आणवली. बाबांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जावयाची मानसा येतील. काथ्यावर झोपंल माझी पोर? हरिचंद्रची पोर?"

मग नमुना फ्लॅटमधली गादी आली. विकत घ्यायला येणाऱ्यांना दाखवायला ठेवलेली, वीतभर जाड, फोमची. वरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, डाग पडतील. ती बाजेवर अंथरली. बाजेखाली शेगडी होती तिथेच राहिली.

म्हणजे बघा. खाली निखारे. मध्ये फोम. वर मी. माझ्या कुशीत मुलगी. वर आडवी दोरी, तिच्यावर दुपटी वाळत घातलेली, कारण थंडीत कपडे वाळत नाहीत आणि खिडकीला चिकटपट्टी.

मालिशला बनूबाई यायची. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायकांच्या पाठी तिने रगडल्या आहेत आणि प्रत्येकीची भानगड तिला तोंडपाठ आहे. तिने गादीवर हात ठेवला, नाक मुरडलं.

"थंड हाय ग ठमाबाय. शेक लागत नाय पोरीला."

लागणार कसा? वीतभर फोम मध्ये होता. आता दोन मार्ग होते. गादी काढायची. किंवा

"कोलसा वाढव," आई म्हणाली.

कोळसा वाढवला. तरी गादी थंड. मग शेगडी उंच करायचं ठरलं. खाली विटा ठेवल्या. विटा बाबांच्याच साइटच्या. त्याही थोड्या तुटलेल्या.

"गादी काढा," मी म्हणाले.

"काथ्या टोचंल तुला," बाबा.

"मग शेगडी काढा."

"शेक नको?" बनूबाई म्हणाली. "नको तर नको. उद्या कंबर धरली का सासरी बसून आमाला शिव्या घालशील."

"बाबा, गादी पेटेल."

"वर्जिनल फोम हाय," बाबा म्हणाले. "वर्जिनल पेटत नाय."

चार मोठी माणसं त्या खोलीत होती. माझी भावजय भाविका दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही, म्हणून तिचं बाळंतपणही इथेच व्हायचं होतं. याच खोलीत, याच बाजेवर, माझ्यानंतर. ती गादीकडे बघत होती. शेगडीकडे बघत होती. मग माझ्याकडे. बोलली काहीच नाही. सुनांनी बोलायचं नसतं, हे आमच्याकडे फार चांगलं शिकवतात. बाकी काही शिकवत नाहीत.

*

"दुकान के दरवाज़े तक"

माझा धाकटा भाऊ प्रीतम. भाविकाचा नवरा. त्याला वाटलं, निखारे वगैरे जुनाट आहे, आपण मॉडर्न काहीतरी करू. तो उल्हासनगरच्या बाजारातून हीटर घेऊन आला. खोक्यावर जपानचा झेंडा.

दुकानदाराशी झालेलं बोलणं तो स्वतःच खूश होऊन सांगत होता.

"मी विचारलं, साईं, जपानी है ना? तो बोलला, लिखा तो जापान ही है बेटा. मी बोललो, वारंटी? तो बोलला, दुकान के दरवाज़े तक."

या गोष्टीतला खरं बोलणारा पुरुष हा एवढाच.

हीटर लावला. लाल झाला. प्रीतमने भाचीला मांडीवर घेऊन हीटरसोबत फोटो काढला. फोटो ग्रुपवर गेला. हीटर मेला. त्यानंतर तो कोपऱ्यात पडून होता, वायर गुंडाळलेली, प्लग बाहेर. आई त्याच्यावर टोपडी ठेवायची.

हा हीटर लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप येणार आहे.

*

"आलो"

बारशाचा दिवस. दुपार. बारसं संध्याकाळी, पण मंडप सकाळपासूनच उभा. खाली बेंजोवाले वाद्यं लावून बघत होते, म्हणजे सगळ्या मोरिवलीला ऐकवत होते.

आईने शेगडीत नवा कोळसा घातला. रोजच्यापेक्षा जास्त, कारण आज सणाचा दिवस. मग म्हणाली, "नाव ठेवल्याबगर पोर कोनी बगायची नाय. पाव्हने सरल घुसतात. कडी घालून जातंय. गप पडून राव."

"बाहेरून?"

"मग? दार ऱ्हातंय का तुज्या बापाचा?"

कडीचा आवाज. जिन्यात तिच्या जोडव्यांचा आवाज. मग फक्त बेंजो.

आधी वास आला. धुराचा नव्हे. नव्या खेळण्याचा, प्लॅस्टिकच्या बाहुलीचा. मग पाठीला ऊब लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि क्षणभर मला चक्क बरं वाटलं.

मग मी मुलीला उचलून उडी मारली.

गादीचं टोक वर केलं. खाली काळं भोक, कडेला नारिंगी रेघ, आणि ती रेघ चालत होती. वितळलेला फोम थेंबाथेंबाने निखाऱ्यांवर पडत होता. पडला, की प्रत्येक थेंबाची ज्योत. बाळंतशेपांचं पाणी होतं तांब्याभर. ओतलं. राखेचा लोट उठला, एवढंच. ज्योत एका दुपट्याला लागली. दुपट्यावरून दोरीला. धूर छताला लागला आणि तिथून खाली यायला लागला, कुणीतरी वरून काळी चादर सोडत असावं तसा.

प्रीतमला फोन.

"ताय, बेंजोवाला डोका खातोय. दोन मिंटात करतो."

आईला फोन. दारापलीकडे, हॉलमध्ये, एकवीरा आईचं गाणं वाजायला लागलं. आईचा फोन चार्जिंगला होता.

नवऱ्याला फोन. साईनाथ शहाडच्या पुलावर गाडीत, सोबत त्याची आई आणि बहीण. "पोचतोच. काय झालं? तुझा आवाज येत नाही, मागे काय वाजतंय?"

बाबांना फोन.

"बाबा, आग लागलीय."

"कुठं?"

"माझ्या खोलीत. दार बाहेरून बंद आहे."

 बाबांचा आवाज अगदी खाली आला.

"कोनाला बोलू नको. पाव्हने आलेत. आलो."

हे वाक्य मी शब्दशः लिहिलं आहे. त्यात काहीही घातलेलं नाही.

*

मधी कोन बगतंय

खिडकीकडे गेले. चिकटपट्टीला टोक सापडेना. ठमाई हाइट्समधली उत्तम दर्जाची वस्तू कुठली म्हणाल, तर ती चिकटपट्टी. आणि ती निघाली असती तरी बाहेर लोखंडी पिंजरा होता, त्यात तुळस आणि प्रीतमची जुनी सायकल.

खाली बसले. खाली धूर कमी होता. मुलीच्या तोंडावर तिच्या आंघोळीचा ओला टॉवेल धरला. ती रडत होती, आणि मला ते हवं होतं. गप्प झाली असती तर काय, याचा विचार करायचा नव्हता. दार समोर होतं. जाड, चॉकलेटी, वर सोनेरी रेघा. बघणाऱ्याला वाटावं, किल्ल्याचं आहे.

कडेला लाकूड. कडीजवळ लाकूड.

मी जमिनीवर उताणी झाले. मुलगी छातीवर, एका हाताने धरलेली. टाके ओले. दोन्ही टाचा उचलल्या आणि दाराच्या बरोब्बर मध्यावर मारल्या.

काही नाही.

परत. काहीतरी खचकलं.

परत. आणि माझी उजवी टाच हरिचंद्रच्या कर्तबगारीतून आरपार गेली.

आतून काय निघालं सांगू? भुसा. पुठ्ठा. आणि अंड्यांचे ट्रे. करड्या कागदाचे, अंडेवाल्याकडे असतात तसले. माझे वडील जेवताना ज्याच्या बढाया मारायचे, ते हे. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या लबाडीचा उपयोग झाला. त्यांनी एक दार जरी इमानाने बसवलं असतं, तरी ही गोष्ट सांगायला मी नसते.

भोकातून हात घातला. कडी काढली.

*

"दार मोडलास?"

बाहेर पॅसेजमध्ये लाल पेटी आहे, आग विझवायच्या पाइपची. तिच्यात गणपतीच्या मखराचं थर्माकोल होतं. पाइप साइटवर पाणी मारायला गेला होता. शेजारचं आग विझवायचंच सिलिंडर जिन्याचं दार उघडं ठेवायला लावलेलं.

सगळ्यात आधी वर आली भाविका. ते पोट घेऊन, तीन जिने चढून, हातात बादली. खालून तिने खिडकीची काच काळी होताना बघितली होती. ओरडली होती म्हणे. बेंजोत कुणाला ऐकू गेलं नाही. तिने बादली आत फेकली, मला मागे ढकललं, परत भरायला गेली. मग पुरुष आले. सगळे एकदम आले आणि सगळे एकमेकांना हुकूम देत होते. गादी ओढत हॉलपलीकडच्या बाथरूममध्ये नेली. आग विझली.

बाबा आले. धापा टाकत होते. माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. मग दाराकडे.

"दार मोडलास?"

मी हसले. खोकला आला, तरी हसले. त्यांना वाटलं, मी शुद्धीवर नाही.

*

"शॉर्ट सर्किट"

साईनाथने आम्हाला गाडीत घालून मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तिची छाती तपासली, ठीक आहे म्हणाला, लक्ष ठेवा म्हणाला, कशाने लागली विचारलं.

"शॉर्ट सर्किट," माझ्याआधी बाबा बोलले. ते मागून स्कूटरवर आले होते. एवढंच सांगायला.

घरी पोचलो तोवर निकाल लागलेला होता. हीटर पॅसेजमध्ये आणून ठेवला होता, आरोपीसारखा. काका, मामा, शेजारी त्याच्याभोवती उभे.

"मी बोललेलो ना, चायनाचा माल."

"जपानचा आहे."

"मग डुप्लिकेट जपान."

"प्लग बाहेर होता," मी म्हणाले. "वायर गुंडाळलेली होती. अजून आहे, बघा."

सगळ्यांनी बघितली. वायर गुंडाळलेली होती.

"बाहेर असला म्हनून काय झाला?" एक काका म्हणाले. "करंट काय सांगून येतो?"

मग प्रत्येकाला आपापलं शॉर्ट सर्किट आठवलं. एकाच्या बदलापूरच्या फ्लॅटमध्ये पाणी तापवायचा रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर राहिला होता: शॉर्ट सर्किट. एकीच्या जावेने हीटरवर ब्लँकेट वाळत घातलं होतं: शॉर्ट सर्किट. एकाने एकाच बोर्डात गीझर, इस्त्री आणि टीव्ही खोचला होता. तो तर अभिमानाने सांगत होता. या माणसांच्या घरात थंडीत माणूस स्वतःच्या हाताने काही करतच नाही. सगळं विजेचं पाप.

"शेगडीने लागली," मी मोठ्याने म्हणाले. "गादीखालच्या शेगडीने. मी रोज सांगत होते."

बेंजो थांबला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.  मग आईने माझ्या केसांतून हात फिरवला आणि पाहुण्यांना म्हणाली, "बालंतपनात डोका जरा असाच होतंय बायांचा."

बायकांनी माना हलवल्या. बनूबाईची मान सगळ्यात जास्त.

बारसं झालं. जळक्या वासात झालं. साईनाथच्या बहिणीने मुलीच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर बुक्के बसले, लोक जेवले. दाराच्या भोकावर प्रीतमने फ्लेक्स लावला होता: आमच्या परीच्या बारशाला आपले सहर्ष स्वागत. खाली हरिचंद्रचा फोटो, गॉगल लावलेला. गॉगल बरोबर भोकावर आला होता.

*

"भरीव"

रात्री मी हॉलमध्ये झोपले. सकाळी आई मोरीत बसून शेगडी घासत होती. चिंच लावून, चकाकेपर्यंत.

"कशाला घासतेस?"

"भाविकाचे टायमाला लागंल."

मी शेगडी तिच्या हातातून घेतली आणि खाली भंगारवाल्याच्या गाडीवर नेऊन टाकली. दुपारपर्यंत आईने बाजारातून नवी आणली. आधीपेक्षा मोठी. शेगड्या मिळतात बाजारात. काय करणार?

संध्याकाळी साईनाथ मला न्यायला आला. त्याच वेळी मिस्त्री नवं दार घेऊन आला. दोघांनी मिळून वर आणलं, घाम फुटला त्यांना. बाबांनी त्याच्यावर बोटं वाजवून दाखवली. ठक् ठक्. भरीव.

"या टायमाला मधी पन लाकूड," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "पोरीच्या जिवाशी खेल नाय. लाथ मारली तरी हलनार नाय असा दार हाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना कळत नव्हतं. मी वाट बघितली, आता कळेल, आता कळेल. ते दारावरून हात फिरवत होते.

"आणि कडी?" मी विचारलं.

"तीच. बाहेरून," आई म्हणाली.

मिस्त्रीने जुनी कडी पिशवीतून काढली, स्क्रू दातांत धरले. भाविका भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि मिस्त्रीच्या हातातून कडी घेतली.

"आतून लावा," ती म्हणाली.

"आतून कशाला?" आई म्हणाली.

"आत मी असनार ना."

लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने मोठ्या आवाजात बोललेलं हे पहिलं वाक्य असावं. प्रीतमने मोबाइलमधून मान वर केली. मिस्त्री बाबांकडे बघायला लागला. बाबा आईकडे. आई म्हणाली, "दार ऱ्हानार नाय मग."

"ऱ्हातंय का बगू," भाविका म्हणाली. मिस्त्रीला कडी परत दिली नाही. ती मुठीत धरून खोलीत गेली. जळलेली बाज अजून तिथेच होती. तिला वळसा घालून ती खिडकीपाशी पोचली आणि चिकटपट्टीवर नख फिरवायला लागली. टोक सापडत नव्हतं.

"अगं, काय करतंस? वारा लागंल!"

मी मुलीला साईनाथकडे दिलं. दुसऱ्या खिडकीपाशी गेले आणि खालच्या कोपऱ्यातून नख घातलं. जाळाने तिथली पट्टी सुटली होती. ती ओढली. कापड फाडल्यासारखा मोठा आवाज झाला आणि आई दारातच थांबली.

"ताई, हितून सुरू व्हते का?" भाविकाने विचारलं.

"हितून," मी म्हणाले. "ओढ."